मार्गशीर्षात आलेली कोंबडी

२५ नोव्हेंबर, मंगळवार

रविवारी वहिनी बाळाला घेऊन येणार. म्हणजे शनिवारपर्यंत मागची खोली रिकामी हवी!

दादा जेवताना बोलला, ताटातून मान वर न करता. "पिल्लं पडवीत हलव. बाळाला उबेची खोली लागेल." आईने लगेच री ओढली, "मोठी झाली ना गो आता. ऱ्हातील भायेर." मोठी कुठली? पंखांना पिसं फुटलीत, पण पाठीवर अजून नुसती लव. पाठ भरल्याशिवाय उबेतून काढू नका, असं बचत गटाच्या ट्रेनिंगला शिकवायला आलेल्या बाईंनी दहादा बजावलं होतं. आणि थंडीला पण हाच मुहूर्त सापडला. बदलापूरला पारा किती उतरला म्हणून टीव्हीवर कौतुक चाललंय. इथे शेजारच्या पालेगावात आम्ही कुडकुडतोय!

खोली दादाची. मीही तिथेच झोपते, पिल्लांच्या पत्र्याच्या गोलाला लागून चटई टाकून. मला कुठे हलवायचं ते कुणी बोललं नाही. पिल्लांच्या सामानात मीपण आले असणार.

२६ नोव्हेंबर, बुधवार

बल्ब हातभर वर बांधला. सकाळी सगळी पिल्लं त्याच्याखाली गोळा, एकमेकांच्या अंगावर. दुपारी पांगली, तूस उकरायला लागली. पांगली म्हणजे ऊब पुरते. घोळका केला म्हणजे गारठलीत. त्यांचं बरं असतं, काय होतंय ते बघणाऱ्याला कळतं.

दुपारी दार उघडं ठेवलं, थोडं थोडं गार वारं लागायला. आई ओरडली, घरभर वास सुटतोय.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. आईने घट मांडला. आता अमावास्येपर्यंत घरात मटण-मच्छी बंद, अंडं पण नाही. आईचं हे फार कडक असतं.

आरती झाल्यावर देवीसमोर मोठ्याने म्हणाली, मला ऐकू जाईल असं, "आमच्या रोहिणीचं घर नीट लागूं दे." घर म्हणजे विठ्ठलवाडीचं. माझ्या नवऱ्याचं, चेतनचं. गणपतीला माहेरी आले ती परत गेले नाही. डावं मनगट पिरगळलेलं होतं, हाड मोडलं होतं. प्लास्टर निघून महिना होऊन गेला तरी अजून पुरतं वळत नाही, बादली उजव्या हातानेच उचलते. आईनेच शेकलंय ते मनगट रोज. शेकताना रडायची. आणि देवीकडे काय मागते तर हे! राग येतो आणि कीवही येते.

कानातल्या कुड्या मोडून पिल्लं आणली तेव्हा दादा म्हणाला होता, "ओके. कोंबड्या अंड्यावर आल्या की तू तुझ्या पायावर. मग कोण काय बोलणार नाय. तोवर बघू." त्या "तोवर बघू"वर मी या घरात राहतेय. पिल्लं जगली तर मी इथे. नाही जगली तर विठ्ठलवाडी. यात समजायला अवघड काही नाही.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

दिवसभर पडवी.

समोरच्या टॉवरच्या गेटवरून फ्रीजचे दोन मोठे खोके आणले. वॉचमन म्हणाला, "ले जाओ दीदी, कचरा ही है." पुठ्ठा कापून पडवीच्या भिंतींच्या कोपऱ्यांत गोल लावला. कोपरा राहिला की गारठ्यात पिल्लं त्यात घुसतात, एकावर एक चढतात, आणि खालची गुदमरून मरतात. थंडीने मरत नाहीत म्हणे तेवढी. आपल्याच माणसांच्या खाली मरतात.

उघड्या बाजूच्या लोखंडी जाळीला कुणातरी भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स बांधला. भाऊ हात जोडून, दात दाखवून उभे. आधी तोंड आत केलं होतं, मग वाटलं पिल्लं बिचकतील. भाऊंना बाहेर बघायला लावलं. वर हातभर फट सोडली, हवा खेळायला. नाहीतर घाणीच्या वासाने डोळे चुरचुरतात त्यांचे.

टॉवर उभा राहिल्यापासून पडवीत ऊन अकराशिवाय येत नाही. आमचीच जमीन होती ती. आता आमच्याच जमिनीची सावली आमच्या अंगावर.

२९ नोव्हेंबर, शनिवार

हलवली. टोपलीत घालून, वर ओढणी टाकून, थोडी थोडी. खोलीतलं जुनं तूस पण नेलं आणि खाली पसरलं, ओळखीचं वाटावं म्हणून. बल्ब स्वयंपाकघरातून वायर ओढून लावला. माझी चटईही आली.

नव्या जागेत सगळी पिल्लं गप्प उभी राहिली. एकानेही दाणा टिपला नाही. मला रडू आलं, उगाच.

३० नोव्हेंबर, रविवार

सकाळी उठून पाहिलं तर फ्लेक्स आणि भिंत मिळते तिथे ढीग. पुठ्ठा तिथे मीच लावला नव्हता, कोपरा वाटलाच नव्हता तो! वरची उठून पळाली. खालची चपटी झालेली. हातात घेतली तर अजून कोमट. फार नाहीत, पण गेली. पुठ्ठा लावला. आता कोपरा उरला नाही.

त्यांना पुरून हात धुते तोच रिक्षा आली. वहिनी, बाळ आणि वहिनीची आई. बाळ गोड आहे. राजसी नाव ठेवलंय. वहिनी फार वाळली. बाळंतपण होऊन दोन महिने माहेरी राहिली, आज येते उद्या येते करत. कधी बाळाला सर्दी, कधी हिची कंबर. आई म्हणायचीच, "माहेरची चटक लागली." मग एवढं खाऊनपिऊन ही अशी का, कळेना.

आणि वहिनीच्या आईच्या हातात कापडी पिशवी, तिच्यातून डोकं बाहेर काढलेली कोंबडी! लालसर, गावठी, चांगली वजनदार. लेक बाळाला घेऊन सासरी जाते तेव्हा कोंबडी न्यायचीच, तिच्या सुपासाठी. "दूध वाढतं पोरीचा. मार्गशीर्ष सपला का कापा," म्हणाल्या. आई खूश. तेवढे दिवस ठेवायची कुठे? "तुझ्या पडवीत टाक ना गो, रोहिणी."

मी म्हटलं, बाहेरचा पक्षी लहान पिल्लांत नको, मी मागे वेगळी ठेवते. वहिनीची आई हसल्या, पण हसू डोळ्यांत नव्हतं. "का गो? आमची कोंबरी बाटवील काय तुझ्या पोरांना?" आईने माझ्याकडे असं बघितलं! मागे कुत्री येतात, कोंबडी गेली तर विहिणीला तोंड काय दाखवायचं, हेही आलंच. मग दादा बोलला. आवाज न चढवता. "रोहिणी. ठेव."

ठेवली. पायाला दोरी बांधून, पार पलीकडच्या टोकाला.

संध्याकाळी वहिनी पडवीच्या दारात आली. "पिल्लं बाहेर का? आत होती ना?" मी म्हटलं, "तुमच्यासाठी काढली." मुद्दाम म्हटलं.

२ डिसेंबर, मंगळवार

बाई गं! ही परकी कोंबडी पिल्लांना पोटाखाली घेते!

सकाळी पाहिलं तर दोरी पुरेल तेवढी पुढे येऊन बसली होती, पंख पसरून. तिच्या बाजूंनी पिल्लांची डोकी बाहेर. मला वाटलं होतं टोचून मारील. आमचे वडील, अण्णा, होते तेव्हा अशा कोंबडीला लाखमोलाची म्हणायचे, कुणाचीही पिल्लं वाढवायची म्हणून. मी दोरी सोडली. मोकळी फिरू दे. रात्री बल्बाची काळजी निम्मी झाली. इथे रोज लाइट जाते, तेव्हा जीव मुठीत धरून बसायचे.

आज गाढ झोप लागली. कित्येक दिवसांनी.

४ डिसेंबर, गुरुवार

चेतनने दादाला फोन केला होता. दादा सगळ्यांसमोर सांगत होता, चहा पीत. "फुल सुधारलाय तो. दारू बंद. साईबाबांची माळ घातलीय. बोलतो, एकदा चान्स द्या." आई म्हणाली, "बघ, ऐकला देवीने." मी म्हटलं, पिल्लं अंड्यावर येईपर्यंत थांबायचं ठरलंय. दादा हसला. "हो रे बाबा. तू टेन्शन घेऊ नको."

वहिनी बाळाला घेऊन बसली होती. चेतनचं नाव निघताच उठून आत गेली. कप तसाच टाकून. मनात म्हणत असेल, ही बला जाईल तर बरं. एका घरात दोन बायका जड होतात, त्यातली एक परत आलेली असली की जास्तच.

५ डिसेंबर, शुक्रवार

लसीचे थेंब घालायचे होते, दुसऱ्या वेळचे. अंबरनाथला जनावरांच्या दवाखान्यात गेले. लस संपली. सोमवारी या.

पाठीवर पिसं आली सगळ्यांना! आता थंडीचं भय नाही. परत येताना शिवमंदिरापाशी उतरले आणि उगाच नमस्कार करून आले. मागितलं काहीच नाही.

७ डिसेंबर, रविवार

दोन पिल्लं तोंड उघडून श्वास घेतायत. जांभई दिल्यासारखी. विष्ठा हिरवी. दुपारपर्यंत अजून काही. पंख गाळून उभी, डोळे मिटलेले. गारठलीत म्हणून बल्ब खाली घेतला. बल्बाखाली पण तशीच.

कोंबडी मजेत खातेय.

८ डिसेंबर, सोमवार

मानमोडी.

रोगाचं नावच तसं आहे. मान मागे वळते, पार पाठीकडे, आणि पिल्लू गोल गोल फिरत राहतं. मी एका पिल्लाची मान हाताने सरळ धरली. सोडली की परत वळली. परत धरली. असं किती वेळ करत बसले कुणास ठाऊक. दवाखान्यातले डॉक्टर फोनवर म्हणाले, औषध नाही ह्याला. आजारी वेगळी काढा, चुना मारा. "नवीन पक्षी आणला होता का?" मी म्हटलं, हो. ते म्हणाले, "हं."

पण ती तर ठणठणीत आहे! कोंबडी. दोरी बांधून बाहेर काढली. चांगली दोन्ही पायांवर उभी, माझ्याकडे बघतेय.

९ डिसेंबर

आज नुसती काढत होते आणि पुरत होते.

११ डिसेंबर, गुरुवार

आईने घटाजवळ येऊ दिलं नाही. "मेलेल्या पिल्लांचे हात हायेत, न्हाऊन ये." न्हायले. आरतीला बसले. टाळ्या वाजवताना मनगट दुखलं.

मग वहिनीच्या आईचा फोन आला, लेकीची चौकशी करायला. आईने स्पीकर लावला. पिल्लं मरतायत असं आईने सांगितलं, तर त्या म्हणाल्या, अगदी सहज, "आरे द्येवा! आमच्या पण सगल्या गेल्या ना, वीस दिस झालं. ही येकटीच वाचली. बोल्लो, वाया कशाला घालवाची, पोरीला सूप तरी व्हईल."

ही एकटीच वाचली!

त्यांच्या मनात पाप नाही. हे मला कळतं. मरीतून वाचलेली कोंबडी म्हणजे दणकट कोंबडी, ती लेकीच्या तोंडी पडावी, एवढंच त्यांना दिसलं. घरचं उरलेलं शेवटचं आणलं की त्यांनी. मी त्यांना काय बोलणार? आणि मी दोरी सोडली होती. पिल्लं पोटाखाली शिरली म्हणून मी देवाचे आभार मानत होते. त्या उबेतच तो रोग होता.

माझं डोकं भिंतीवर आपटावंसं वाटतंय.

१२ डिसेंबर, शुक्रवार

शेवटचं दुपारी गेलं. पडवीत आवाज नाही. टॉवरच्या लिफ्टचा पण आवाज येतो आता.

१३ डिसेंबर, शनिवार

तूस जाळलं. पुठ्ठे जाळले. फ्लेक्स धुतला. पडवी खरडून काढली आणि चुना मारला, भिंतीला, जमिनीला, दाराला. उजव्या हाताची बोटं सोलली. आई म्हणाली, कशाला एवढं, आता काय ठेवायचंय तिथं. मला माहीत नाही कशाला. हात चालू होते तोवर बरं वाटत होतं.

संध्याकाळी दादा पडवीत आला. आजूबाजूला बघून म्हणाला, "मस्त झाली की." मग म्हणाला, "पिल्लांचं तर आता झालं. किती ताणायचं? चेतनला बोलावतो, एकवीसला. मार्गशीर्ष पण संपेल, जेवूनखाऊन जाल दोघं." मी म्हटलं, दादा, तो परत मारील. दादा म्हणाला, "संसारात होतं थोडं. तू पण तोंड चालवतेस. ॲडजस्ट कर ना जरा." अगदी समजावून सांगितलं. माझा भाऊ शांत माणूस आहे. एमआयडीसीत त्याच्या हाताखालची पोरं म्हणतात, सायबांचा आवाज कधी ऐकला नाही.

म्हणजे एकवीसला कोंबडी कापणार. तिची आणि माझी तारीख एकच.

१६ डिसेंबर, मंगळवार

दुपारी वहिनी पडवीत आली. राजसी झोपली होती. चुन्याचा वास येत होता, तरी माझ्या चटईवर बसली. म्हणाली, "ताई, हात बघू." मला नवल वाटलं. तिने मनगट हातात घेतलं, हळूच वळवून बघितलं, जिथे अडतं तिथे थांबली.

"नंतर सॉरी बोलायचे का?"

"दर वेळी."

"रडायचे?"

"कधी कधी. मला जवळ घेऊन."

ती मान हलवत राहिली. मला वाटलं आणखी काहीतरी विचारेल. बाळ रडलं, तशी उठून गेली. कशाला चौकशा करतात लोक? खोली मिळाली, मी गेल्यावर घर पण मिळेल, आता गोष्ट पण हवी.

१८ डिसेंबर, गुरुवार

शेवटचा गुरुवार. सवाष्णी आल्या. आईने मला पाटावर बसवलं, हळदीकुंकू लावलं, ओटी भरली. नारळ, तांदूळ, खण. "सुखाने जा." मी पाया पडले. वहिनीच्या आईला कोंबडीसाठी नाही म्हणता आलं नव्हतं, तर आईला काय म्हणणार.

२० डिसेंबर, शनिवार

कोंबडीला दाणे टाकले. तिच्यावर राग धरून पाहिला. धरवत नाही.

उद्या.

२१ डिसेंबर, रविवार

अक्षर वाईट येतंय. घाईत लिहितेय.

सकाळी पडवीत पिशवी भरत होते. भिंतीपलीकडे वहिनी दादाला म्हणाली, "ताईंना पाठवू नका." एवढंच म्हणाली. मग चापट. मग आणखी. दादाचा आवाज नाहीच. आणि आई! आईने काय झालं म्हणून विचारलं पण नाही. दादाला म्हणाली, "विकास, हलू. लोका आयकतील." म्हणजे हे आजचं नाही. वहिनी दोन महिने माहेरून का येत नव्हती ते आज कळलं मला, आणि मी तिला काय काय समजत होते!

ती राजसीला घेऊन पडवीत आली. गालावर चार बोटं, कान लाल. मी दाराला आतून कडी घातली. दादा बाहेरून हाका मारतोय, अगदी हळू, "रोहिणी, दार उघड, चेतन आलाय." आम्ही ओ देत नाही.

वहिनी पोलिसांचा ११२ लावून पत्ता सांगतेय. पालेगाव, टॉवरच्या मागचं जुनं घर. तिकडून काहीतरी विचारलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "नाही, मी एकटी नाही. दोघी आहोत."